अग्नीचा मान

"हाडं धुणाऱ्यांना जेवणावळ कशाला?" संस्थेचे अध्यक्ष कुआंग शेठ म्हणाले. "पुण्य मिळतंय ना त्यांना? तेही फुकटात!"

"पुण्यानं पोट भरत नाही, शेठ," ओराथाई म्हणाली. "मागच्या खेपेला आपण नुसत्या टोप्या वाटल्या. यंदा किती जण आलेत ते बघा."

शेठनी खिडकीतून अंगणात पाहिलं. मूठभर माणसं होती.

संस्थेचं काम बेवारस प्रेतं उचलायचं. रस्त्यावरची, नदीतली. कोणी विचारत आलं नाही तर गावाबाहेर पुरायची. जागा भरली की सगळी हाडं उकरून काढायची, धुवायची, कवट्यांना सोन्याचा वर्ख लावायचा आणि सगळ्यांना एकत्र अग्नी द्यायचा. थायलंडमधल्या या पिचित गावच्या लोकांना यात मोठं पुण्य वाटतं. ते वर्ख विकत घेतात आणि त्या पैशावर संस्थेची गाडी वर्षभर पळते. या तीन दिवसांची सगळी आखणी ओराथाईकडे होती. वर्खाचे स्टॉल, बिनमांसाच्या नूडल्स, पांढरे सदरे, आणि शेवटी राबणाऱ्यांना आभाराचं जेवण.

"आणि अग्नी कोण देणार?" शेठनी हळूच विचारलं. "आमच्या सूनबाई विचारत होत्या."

"सूनबाईंचं झालं की मागच्या वेळी. यंदा लामदुआन मावशी."

मावशींना नाही म्हणायची गावात कुणाची छाती नव्हती.

आठ वर्षांपूर्वी मावशींचा मुलगा नोप मोटरसायकलवरून दूरच्या रयोंगला कारखान्यात कामाला निघाला, तो पोचलाच नाही. तेव्हापासून मावशी, शेठसारख्याच इथल्या चिनी घरातल्या, संस्थेत राबत होत्या. पुरलेल्यांत नोप असलाच, तर खूण एकच. लहानपणी मोडलेल्या डाव्या नडगीत बसवलेली पोलादी पट्टी. ती सापडली तर पोराला नावानिशी वेगळा निरोप देता आला असता. एकदा सगळ्यांबरोबर जळाला की संपलं.

घरी मावशींचे यजमान थवीन काका होते. त्यांच्या हृदयापुढे डॉक्टरांनी हात टेकले होते. तरी माणूस रोज दाढी करायचा. "पोरगा दारात आला तर बाप भिकारी दिसायला नको," म्हणायचा.

अग्नीच्या मानाचं ऐकून मावशी फणकारल्या. "मला कसला मान देतेस? पट्टी सापडली तर मी माझं पोर घेऊन घरी जाईन. नाही सापडली तर लावीन तुझी आग. झालं समाधान?"

"झालं," ओराथाई म्हणाली. तिला स्वतःचीच लाज वाटली.

पहिल्या दिवशी मावशी प्रत्येक गाठोडं उघडायच्या, आधी डावी नडगी चाचपायच्या, मगच पाणी घालायच्या. दर वेळी ओराथाई हातातलं काम टाकून तिकडे बघायची.

"नाही," मावशी म्हणायच्या. "हा दुसऱ्याच कुणाचा तरी आहे बिचारा."

दुसऱ्या दिवशी काका हट्टानं आले आणि चाकाच्या खुर्चीत छत्री धरून मंडपात बसले. दुपारी गर्दी उसळली. एका कापडवाल्याला कवटीशेजारी फोटो हवा होता, तोही चांगला हसरा. ओराथाई त्याला आवरत होती, तेवढ्यात मावशी स्टॉलवर आल्या आणि वर्खाचं अख्खं पुडकं मागून पदरचे पैसे मोजू लागल्या.

"तुम्हाला कसले पैसे, मावशी?"

"फुकटचं पुण्य लागत नाही गं."

त्या परत आपल्या गाठोड्यापाशी जाऊन सगळ्यांकडे पाठ करून बसल्या. बराच वेळ उठल्या नाहीत.

"काय गं म्हातारे, झोप लागली का?" काका ओरडले.

"कंबर धरलीय. तुम्ही नुसते बसून विचारा!" मावशींनी तिकडूनच सुनावलं.

त्यानंतर त्यांचे हात भराभर चालायला लागले. आधी नडगी बघणंही राहिलं. आशा सुटली बाईची, ओराथाईला वाटलं. हा सगळा घाट आपणच घातला, आणि यातून या दोघांना मिळणार काय? काही नाही.

तिसऱ्या दिवशी शेवटचं गाठोडं धुऊन झालं. मावशींनी हात पुसले आणि मोठ्यांदा सांगितलं, "नाही सापडला हो!"

"मग जिवंत आहे!" काकांनी मांडीवर थाप मारली. "मी म्हणत नव्हतो? घर झाडून ठेव, कधीही येऊन उभा राहील."

आभाराच्या जेवणात काकांनी दोन वाट्या नूडल्स ओरपल्या, शेठची नक्कल केली, सगळ्यांना हसवलं. ओराथाईनं आपली वाटी तशीच बाजूला सारली. म्हातारा आता वाट बघत बघतच मरणार होता. आपण त्याला जेवायला घालून फसवतोय असं तिला वाटलं.

उन्हं कलली तशी हाडं चितेवर रचली गेली. शेठनी माईकवरून मावशींचं नाव पुकारलं. टाळ्या झाल्या. सर्वांत जोरात काकांच्या. मावशी उठल्या, पेटता पलिता हातात घेतला, चितेपर्यंत गेल्या आणि तिथंच थांबल्या.

लोक कुजबुजायला लागले. ओराथाई धावत त्यांच्याजवळ गेली.

"मावशी, शब्द दिला होता तुम्ही. नाही सापडला तर तुम्हीच लावणार म्हणून."

मावशींनी वळून काकांकडे पाहिलं. ते अजून टाळ्या वाजवत होते. मग मावशींनी पलिता ओराथाईच्या हातात दिला आणि त्या तिच्या कानाशी वाकल्या.

"तूच लाव बाई. आम्हा चिनी माणसांत पोटच्या पोराच्या चितेला आईनं हात लावायचा नसतो."