बर्फखान्याचा बिल्ला

हाटकेश वसाहतीतल्या कारखान्यात मी प्रोग्रामिंगची पुस्तकं वाचून पॅकिंगवरून कॉम्प्युटरवर आले. शनिवारपर्यंत कामगारांच्या यादीचा प्रोग्राम चालला नाही, तर परत पॅकिंग. प्रोग्राम तपासणाऱ्या कंपायलरचं एकच तुणतुणं: ‘टिंबाच्या डावीकडे स्ट्रक्चर हवं.’ आहे की मेल्या, कामगाराच्या माहितीचं अख्खं स्ट्रक्चर! घरी सासूबाई बर्फखान्याचा बिल्ला पदराला बांधत होत्या. तिथे मासळीची पाटी ठेवली की तो मिळतो. वैतागून त्यांनाच म्हटलं, ‘कामगाराचं नाव विचारते, तर मशीन म्हणतं, कामगार कुठाय?’ त्या म्हणाल्या, ‘तुज्या हातात पाटी हाय का बिल्ला? बिल्ल्यात म्हावरं शोधतेस गो? आधी पाटीपाशी जा!’ खरंच! माझ्याकडे कामगार नव्हता, मशीनमध्ये तो कुठे ठेवलाय त्याचा पत्ता होता. सकाळी टिंबाऐवजी पत्त्यावर नेणारा बाण घातला, यादी निघाली. संध्याकाळी सासूबाईंच्या पाया पडले. चाचणीसाठी पहिलं नाव त्यांचंच टाकलेलं. छापलेल्या यादीत त्यावर बोट टेकवलं: ‘ह्या तुम्ही.’ निरखून म्हणाल्या, ‘मी हाय, का माजा बिल्ला?’