आत्याचा गृहपाठ

"त्यात काय एवढं? नक्कल तर माझ्या डाव्या हातचा मळ," दुकानाच्या पायरीवर पर्स सावरत आत्या म्हणाली.

नक्कलच म्हणाली ती, आणि भावजयीने निमूट ऐकून घेतलं. ऐकून घ्यायची तिला सवयच झाली होती. माहेरी राहायला आलेली ही बाई दोन महिने जेवायच्या टेबलावर "प-प-पाणी हवंय का गं?" करून सगळ्यांना हसवत होती. भावजयीचा नवरासुद्धा ताटात तोंड घालून हसायचा. बोलताना अडखळणारी त्यांची आठ वर्षांची पोर आत्यासमोर बोलायचीच बंद झाली होती. तहान लागली तर स्वतः उठून जायची, पण तोंड उघडायची नाही. भावजयीच्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

मग शाळेतल्या स्पीच थेरपीच्या बाईंनी घरी एक कागद पाठवला. घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाने अनोळखी दुकानात जाऊन, मुद्दाम अडखळत, तीन वस्तू मागायच्या. गृहपाठ आहे असं तिथे सांगायचं नाही. पोर सोबत असणार, आणि प्रत्येक वस्तूला ती पेन्सिलने खूण करणार. अडखळणं म्हणजे काय ते घरच्यांना कळावं, आणि अडखळलं तरी काम होतं हे पोरीला दिसावं, एवढाच बाईंचा हेतू. बाईंचा हेतू चांगला होता. भावजयीचा नव्हता. स्वतःचं आणि नवऱ्याचं तिने केव्हाच उरकलं होतं. नणंदेसाठी मात्र तिने आठवडाभर दम धरला आणि शनिवारची दुपार निवडली. शिवणाच्या सामानाचं हे दुकान तेव्हा गच्च भरलेलं असतं.

आत्या थेट काउंटरशी गेली, पोर तिच्या कोपराला लागून उभी राहिली. आई दारातच थांबली. तिथून सगळं छान दिसत होतं.

"अ-अ-अस्तर दाखवा. का-काळं."

आत्याने झोकात सुरुवात केली आणि सवयीने मागे वळून बघितलं. घरी एवढ्यावर सगळे हसतात. इथे कुणी हसलं नाही. शेजारच्या बाईने आत्याच्या तोंडाकडे एकदा बघितलं आणि चटकन नजर फिरवली. दुकानदाराने आवाज चढवून, एकेक शब्द सुटा करत विचारलं, किती मीटर हवंय? बहिऱ्याशी बोलावं तसं. पोरीने पहिली खूण केली.

आत्याचं हसू ओसरलं. चेन मागताना ती 'चे'वर अडकली, मुद्दाम की खरोखर ते तिलाच ठाऊक. दुकानदाराला कुठला धीर? चेक्सचं कापड का? चेन का? तोच एकेक शब्द पुढे करत सुटला. मागून कुणीतरी म्हणालं, आटपा हो, आम्हालाही घरं आहेत. गल्ल्यावर बसलेली दुकानदाराची बायको हळूच "चे-चे-चे" करून पुटपुटली, आणि तिच्याजवळच्या दोघी ओठ दाबून हसल्या.

आत्याने ते ऐकलं. तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. जिच्या जिभेला अख्खं गणगोत टरकून असायचं, ती मान खाली घालून काउंटरच्या काचेत बघत होती. नक्कल करतेय असं सांगायची सोय नव्हती, आणि सांगितलं असतं तरी कुणी विश्वास ठेवला असता?

दारातल्या भावजयीला बरं वाटलं. खोटं कशाला बोला, फार बरं वाटलं. घे म्हणावं, कसं लागतंय ते बघ. दोन महिन्यांचा घास आज कुठे गळ्याखाली उतरला होता.

चेन पर्समध्ये टाकून आत्या गर्दीतून वाट काढत दाराशी आली. डोळ्यांत पाणी होतं, आणि ते खोटं नव्हतं.

"पुरे गं आता," ती हलक्या आवाजात म्हणाली. "कळलं मला. घरी चल."

भावजय विरघळली. कितीही झालं तरी घरचंच माणूस. तिने नणंदेच्या पाठीवर हात ठेवला आणि पोरीला हाक मारली.

पोर जागची हलली नाही. कागद काउंटरवर पसरून ती तिथेच उभी होती.

"आ-आ-आत्या," ती म्हणाली, भर दुकानात, सगळ्यांना ऐकू जाईल अशी. "ब-बटणं रा-राहिली."

दुकानातल्या माना वळल्या. दोन महिन्यांत आत्याशी ती बोललेलं हे पहिलं वाक्य.

"राहू दे बाळा," आई म्हणाली. "तेवढी आपण नंतर घेऊ."

पोरीने आईकडे पाहिलंसुद्धा नाही. आत्या पाय ओढत काउंटरपाशी परत आली. तिने तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. दुकानदार बटणांच्या डबीकडे हात नेत स्वतःच काहीतरी बोलणार, तेवढ्यात पोरीने मान वर केली.

"थ-थांबा हं काका," ती म्हणाली. "ति-तिला वे-वेळ लागतो."