अजून न आलेली यंत्रं

"दूरदृष्टीशिवाय कुठलाही कारखाना टिकत नाही," नियोजनप्रमुख गंभीरपणे म्हणाले आणि शेडच्या उंबऱ्याला अडखळले.

पाहुण्यांनी त्यांना दंडाला धरून सावरलं. पकड चांगली दणकट होती.

नियोजनप्रमुखांना सगळे भविष्यकाका म्हणत, अगदी तोंडावरसुद्धा. पुढच्या वीस वर्षांत कारखान्याला किती इंजिनिअर आणि कोणती यंत्रं लागतील, याचा आराखडा ते दरवर्षी करत आणि मॅनेजर तो दरवर्षी न उघडता परत पाठवत. "वीस वर्षांचं ठरलं असेल, तर संध्याकाळच्या भाजीचं बघा," बायको म्हणे.

आज मात्र मॅनेजरनी स्वतः फोन केला होता. "शेड बघायला पाहुणे येतायत. सगळं नीट दाखवा."

मागून हंगामी इंजिनिअर मुलगी नकाशांची गुंडाळी सांभाळत येत होती. आराखडा मंजूर झाला तर ती कायम होणार होती. नाहीतर महिनाअखेरीस घरी.

"काका, नक्की ना?" ती कुजबुजली.

"अगं, वर्ष पहिलं, जागा पहिली. तुझीच."

छताच्या काचांतून दुपारचं ऊन उतरलं होतं आणि त्यात धूळ सावकाश तरंगत होती. अशा उन्हात भविष्यकाकांना अजून न आलेली यंत्रंही स्पष्ट दिसत. रिकाम्या जागेला ते वळसा घालून गेले. पाहुण्यांनीही घातला. माणूस सभ्य होता.

"इथे आठव्या वर्षी नवा प्रेस येईल. आणि त्या खिडकीपाशी सोळाव्या वर्षी एक मुलगी बसेल. सध्या ती बालवाडीत असावी." काकांचा आवाज हळवा झाला. "तिच्या डोळ्यांवर ऊन येऊ नये म्हणून आत्ताच पडदा लावून ठेवलाय."

पाहुण्यांनी पडद्याकडे पाहिलं. मग जुन्या लेथवर बोटांनी टकटक केली. "वजन किती भरेल?"

काका हरखले. शेडच्या पायावर यंत्राचा किती भार येतो, हे इतक्या वर्षांत कुणी विचारलंच नव्हतं!

"जमिनीत पक्का केलाय की नुसते बोल्ट?"

"बोल्ट. पुढे हलवाहलव लागणार, हे धरूनच."

"वा! मोटारीत तांब्याचं वायंडिंग?"

"अस्सल."

"आणि दरवाजा केवढा? ट्रक आत येईल?"

"आरामात! मोठी यंत्रं येणार, म्हणून मीच रुंद करून घेतला. लोक हसले होते तेव्हा."

"फार सोय केलीत," पाहुणे मनापासून म्हणाले आणि त्यांनी खडूने लेथवर एक आकडा टाकला. मग शेजारच्या ड्रिलवर.

"प्राधान्यक्रम लावतायत," काकांनी मुलीला हळूच सांगितलं. तिचा चेहरा उजळला.

सगळी शेड फिरून झाली. ऊन भिंतीवर चढलं. पाहुणे निघाले, तशी मुलीने काकांची बाही ओढली.

"साहेब," काका खाकरले, "यंत्रांचं अगदी बारकाईने विचारलंत. पण माणसांचं राहिलं."

मुलीने गुंडाळी छातीशी घट्ट धरली.

पाहुण्यांनी हाताला लागलेला खडू झटकला.

"माणसं नाही घेत आम्ही," ते समजुतीने म्हणाले. "भंगारात फक्त लोखंड आणि तांबं."