घरातली धूळ

मुलगा गेला आणि त्यानंतर दोन वर्षं तिचा नवरा हो-नाहीपलीकडे बोललाच नाही. मग त्याने गच्चीवर ढाबळ बांधली आणि अस्सल जातीच्या कबुतरांच्या दोन जोड्या आणल्या. डोळे, चोच, पंखांची ठेवण, पायातली कडी, सगळं तीनतीनदा तपासून.

“मला पसंत करताना तरी एवढं निरखलं होतंत का?” तिने टोमणा मारला, आणि तो चक्क खळखळून हसला.

सहा महिन्यांनी तिचा खोकला काही हटेना. डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे उजेडाला धरून स्पष्टच सांगितलं, “ही कबुतरांच्या पिसांची आणि विष्ठेची धूळ. पाखरं आजच हलवा, नाहीतर फुप्फुसं कायमची निकामी होतील.”

रिपोर्ट तिने कपाटात अगदी तळाशी सरकवला.

“काय म्हणाल्या गं डॉक्टर?” त्याने काळजीने विचारलं.

“काही नाही हो, घरातली धूळ सोसत नाही म्हणाल्या.”



दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने तिची आरामखुर्ची स्वतः उचलून गच्चीवर नेली, ढाबळीला अगदी खेटून मांडली आणि म्हणाला, “आता दिवसभर इथेच बसायचं, मोकळ्या हवेत.”