खुर्ची, सुरी आणि बूट

दाराबाहेर एक खुर्ची होती. खुर्चीवर स्वयंपाकघरातली सुरी आणि खुर्चीखाली तिचे जुने बूट. दाराला आतून साखळी होती आणि बोटभर फटीतून नवऱ्याचा अर्धा चेहरा दिसत होता.

ती दातांच्या लॅबमधून नुकतीच आली होती. कवळ्या बनवून बनवून नखांत प्लॅस्टर बसलेलं. आधी तिला वाटलं, घरात झुरळांचं औषध मारलं असेल.

"हे काय?"

"तुझ्या वस्तू," तो म्हणाला. "तूच सांगितल्यास. मी रीतसर विचारलं होतं."

मग तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. क्लिंगॉन!

टीव्हीवरच्या परग्रहावरल्या लढवय्यांसाठी कुणीतरी रचलेली ती भाषा. पोटापाण्यासाठी नवरा वॉशिंग मशीनची माहितीपत्रकं भाषांतरित करायचा, पण जीव सगळा तिकडे. हिवाळ्यात एकदा जेवणं झाल्यावर म्हणाला, "चल, तुलाही शिकवतो." ती हरखूनच गेली. इतक्या वर्षांच्या संसारात भाजीत मीठ कमी आहे यापलीकडे तो फारसं बोललाच नव्हता. आता रोज टेबल पुसलं की शिकवणी. ती त्याला लाडाने मास्तर म्हणू लागली.

मास्तरांनी मग जर-तर काढलं. 'असं झालं असतं तर' हे त्या भाषेत सरळ म्हणायची सोयच नाही. आधी 'अशी कल्पना केली तर' म्हणायचं आणि मग जणू घडलंच आहे असं सांगायचं. मास्तर विचारायचे: आपण वेगळे झालो अशी कल्पना केली, तर तू काय घेशील? तिला हसू आवरायचं नाही. खरं तर तिला मागची खोली हवी होती. तिथे खिडकीपाशी तिचं टेबल होतं, घरी आणलेलं काम ती तिथे करायची. अख्ख्या घरात तेवढीच जागा तिची. खोलीला काय म्हणतात, असं तिने विचारलंही होतं. "ते पुढच्या धड्यात," मास्तर म्हणाले. तिला येत होते तीन शब्द. खुर्ची, सुरी, बूट. तिने तेच सांगितले आणि मास्तरांनी शाबासकी दिली.

आता दारात उभ्या उभ्या तिला भडभडून आलं. घराचं दुःख नंतरचं. ज्या संध्याकाळी नवरा आपल्याला परत मिळाला असं तिला वाटत होतं, त्याच संध्याकाळी तो वाटणी उरकून घेत होता.

"गंमत होती रे ती," ती कशीबशी म्हणाली.

"उत्तर तर तुझंच होतं ना?"

जिन्यात पावलं वाजली. एक तरुण बाई धापा टाकत वर आली, हातात मोठी बॅग. बायकोने तिला लगेच ओळखलं. मास्तरांची नवी विद्यार्थिनी. त्याच्या मोबाइलवरच्या फोटोत सारखी शेजारी असायची. फटीतला अर्धा चेहरा मागे सरकला.

एक क्षण बायकोला वाटलं, ओरडून सगळा जिना गोळा करावा. मग तिने सुरी ओढणीत गुंडाळून पर्समध्ये टाकली. बूट घातले, नाड्या बांधल्या.

"मागच्या खोलीचं उद्या बोलू," ती फटीकडे बघून म्हणाली. "आपल्या भाषेत. वकिलासमोर."

आणि जिन्याकडे वळता वळता थांबली.

"तुझं जर-तर सुरू झालं का गं?"

"कालच," ती तरुण बाई ओशाळं हसली. "मजा येते."

"वेगळे झालो तर काय घेशील, विचारलं?"

"हो ना! पण मला अजून एकच शब्द पाठ आहे. बूट."

तिने खुर्ची उचलली आणि त्या बाईच्या पुढ्यात ठेवली.

"मग ही तुला राहू दे. बाहेर बसायला तरी होईल."