नाकाच्या उंचीवर

“हा मोगरा नाही,” बाबा म्हणाले. खात्रीसाठी त्यांनी फुलात पुन्हा नाक खुपसलं. “नर्सरीवाल्याने चक्क बनवलं तुला. याला वासच नाही.”

मुलीने बदलून आणते म्हटलं. बाबा खूश झाले. काचबिंदूने दृष्टी गेल्यापासून कुणाची चूक पकडायची संधी त्यांना क्वचितच मिळे.

गॅलरीतली बाग तिने त्यांच्यासाठी लावली होती. मांडणी मात्र त्यांची, हाडाच्या सुताराची. कुंड्या खुर्चीत बसलेल्या माणसाच्या नाकाच्या उंचीवर याव्यात म्हणून फळ्या त्यांनी हाताने चाचपत स्वतः ठोकल्या होत्या. रोज संध्याकाळी दोघं तिथे बसत. ती त्यांना फुलांचे रंग सांगे. मग एकेक पान चुरगळून त्यांच्या हातात देई आणि वास कसा आहे ते विचारे.

पोरगी रोज तोंडी परीक्षा घेते, अशी तक्रार ते शेजाऱ्यांकडे करत. पण उत्तर द्यायला कधी कंटाळले नाहीत. पुदिना म्हणजे भर उन्हात मानेवर ठेवलेलं ओलं फडकं. मरवा म्हणजे देवदाराच्या फळीवर फिरलेला पहिला रंधा. जिरेनियमवर एका संध्याकाळी त्यांनी बराच विचार केला. गुलाबाचं लिंबाशी लग्न लागलंय आणि अजून तरी पटतंय, असा निकाल देऊन ते ठसका लागेपर्यंत हसले. तिलाही हसू आवरेना. मधेच थांबून त्यांनी मान वर केली आणि आत दूध करपतंय म्हणाले. ती धावत गेली. पातेल्याचा तळ काळा झाला होता.

दुसऱ्या दिवशी पहाटे झोपेतच ते गेले.

भेटायला येणारी माणसं ओसरली तेव्हा भावाच्या लक्षात आलं, ताई गॅलरीत पाऊलच टाकत नाही. झाडांना पाणी तोच घालत होता. बघवत नसेल तर कुंड्या मी घरी नेतो, असं त्याने सुचवलं. ती नको म्हणाली. मग त्यानेच तिला हात धरून बाहेर आणलं, खुर्चीत बसवलं आणि मरव्याचं पान चुरगळून तिच्यापुढे धरलं.

“घे ताई. बाबा इथेच आहेत असं वाटेल.”

तिने पान घेतलं. बराच वेळ ते नुसतंच बोटांत फिरवलं.

“मला वास येत नाही रे,” ती म्हणाली. “मागच्या त्या तापापासून कसलाच नाही. बाबांना कधी कळू दिलं नाही. ते सांगायचे, तेवढाच यायचा.”