पास झालेले ठोकळे

“इथं सही कर,” साहेब म्हणाले आणि त्यांनी कागद धाकट्यापुढे सरकवला. सही करायची म्हणजे कबूल करायचं, की स्लॅबखालचे टेकू मुदतीआधी काढले, म्हणून स्लॅब कोसळला आणि त्याखाली एक बाई गेली. ती बाई धाकट्याचीच बायको. त्यानं काढलेल्या फळ्या ती खाली रचत होती.

बांधकाम परवानगी विभागातली ती खोली फायलींनी इतकी भरली होती, की माणसांनी अंग चोरूनच बसावं. ठेकेदार मात्र पायावर पाय टाकून ऐसपैस बसला होता. धाकटा स्टुलावर होता. थोरला भाऊ कपाटाला टेकून उभा. तोही त्याच ठेकेदाराकडे कामाला होता आणि आज साक्षीला आला होता. त्याची साक्ष एका ओळीची होती: काँक्रीटच्या तपासणीचे ठोकळे मी भरले.

टेकू बाविसाव्या दिवशी काढले, असं धाकटा सुरुवातीला छातीठोक सांगत होता. नियम एकवीस दिवसांचा. रोज सकाळी तो खांबावर खडूची एक रेघ मारायचा. आता तो खांबही ढिगाऱ्यात गेला होता. मग ठोकळ्यांचा रिपोर्ट आला. माल उत्तम, ठोकळे पास. त्या दिवसापासून धाकट्याला स्वतःच्या मोजणीची खात्री राहिली नाही. बसल्या जागी तो बोटं मोजायचा. कधी बावीस भरायचे, कधी वीस.

अपघातानंतरचे तीन महिने थोरल्यानं त्याला जपलं, हे सगळी चाळ सांगेल. एका शब्दानं त्याला दुखावलं नाही. ताटावर बसवून खाऊ घातलं. “चूक माणसाकडूनच होते रे,” म्हणायचा. “मी तुला बोल लावतोय का? मग तू कशाला लावून घेतोस?” भाऊ असावा तर असा, असं बायका एकमेकींना सांगायच्या.

आता त्या ठोकळ्यांबद्दल. शहराचा नियम साधा आहे. प्रत्येक स्लॅबच्या मालातून थोडा माल काढून ठोकळे भरायचे, अठ्ठावीस दिवस पाण्यात ठेवायचे आणि मग प्रयोगशाळेत दाबून फोडायचे. ठोकळा दमदार निघाला, तर स्लॅब दमदार. मगच पुढची परवानगी. शितावरून भाताची परीक्षा. नियम करणारा भला माणूस असणार. शीत वेगळं शिजवता येतं, हे त्याच्या डोक्यातच आलं नाही.

ते शीत थोरला शिजवायचा. सोळा वर्षं. स्लॅबचा माल मिक्सरमध्ये फिरत असायचा आणि हा कोपऱ्यात घमेल्यात वेगळा माल कालवायचा. चाळलेली रेती, दुप्पट सिमेंट. ठोकळे असे घोटून भरायचा, की लेकरालाही कुणी इतक्या मायेनं न्हाऊ घालत नसेल. ठेकेदार त्याला ‘ठोकळेमास्तर’ म्हणायचा. सोळा वर्षांत एक ठोकळा नापास झाला नव्हता, आणि खोटं कशाला बोला, थोरल्याला त्याचा अभिमान होता.

धाकट्यानं पेन उचललं.

“नीट वाचलंस ना?” साहेबांनी विचारलं. “निष्काळजीपणाचा गुन्हा आहे. तुरुंगात जाशील.”

“वाचायचं काय, साहेब,” धाकटा म्हणाला. “ठोकळे माझ्या दादाच्या हातचे आहेत. ते पास झाले, म्हणजे माल चांगलाच होता. माझंच चुकलं.”

तुरुंगाचं ऐकूनही थोरला गप्प राहिला होता. नोकरी जाईल म्हणून, ठेकेदारानं डोळे वटारले म्हणून, तोंडात मूग धरून बसला होता. पण हा विश्वास त्याला सोसवला नाही.

“थांब,” तो ओरडला. “सही करू नकोस. साहेब, ते ठोकळे स्लॅबच्या मालाचे नाहीत. वेगळा माल कालवून मी भरले. स्लॅबमध्ये सिमेंट निम्मंही नव्हतं.”

ठेकेदार हसला. “सख्खा भाऊ आहे, साहेब. जीव तुटतो त्याचा.”

“अर्धाच स्लॅब पडलाय,” थोरला म्हणाला. “उरलेला अर्धा उभा आहे. त्याचा तुकडा कापून न्या आणि फोडून बघा. नखानं उकरलं तरी रेती सुटते.”

साहेबांनी धाकट्यापुढचा कागद उचलला. ठेकेदाराचा वरचा पाय खाली आला. तो खिशातला फोन चाचपत बाहेर निघून गेला.

“लेखी देशील?” साहेब थोरल्याला म्हणाले. “मग गुन्हा तुझ्यावरही लागेल.”

“लागू दे.”

त्यानं लिहून दिलं. सही स्वच्छ आली. तीन महिन्यांत पहिल्यांदा त्याला पुरता श्वास घेता आला. नोकरी गेली, उद्या आपणही आत जाऊ, पण भाऊ सुटला. हे आपण केलं, असं त्याला वाटलं आणि डोळे भरून आले. त्यानं धाकट्याच्या खांद्यावर हात ठेवला.

“तुझे बावीस दिवस बरोबर होते,” तो म्हणाला. “तुझी काही चूक नव्हती.”

धाकट्यानं तो हात खांद्यावरून उचलला आणि हळूच बाजूला केला.

“म्हणजे तीन महिने तू मला माफ करत होतास, दादा?”